अरणीतल्या माश्या

माझ्या हातून आयुष्यात फारसं काही बिघडलेलं नाही, कारण फारसं काही कोणी माझ्या हातात दिलेलंच नाही. मंचरच्या एका कॉलेजात मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. तिथलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे रसायनशास्त्राचं पुस्तक इतिहासाच्या कपाटात जाऊन बसणं. निवृत्तीनंतर कळंबला घरी आलो आणि अंगणाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत माझी पुस्तकं लावून बसलो. त्या खोलीत मी असलो काय आणि नसलो काय, जगाचं काही अडत नाही, ही गोष्ट मला फार सोयीची वाटत असे. मग दोन हजार वीसचा मार्च आला.

माझा धाकटा भाऊ रामदास वारूळवाडीला द्राक्षं पिकवतो. त्याचा फोन आला. "नाना, श्रेयाला तुमच्याकडं पाठवतोय."

"पाठव की. घर तिचंच आहे."

"तिच्यासंगं माश्या हायेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला. तिथंही माश्याच होत्या.

श्रेया ही त्याची मुलगी. पुण्यातल्या एका संस्थेत पीएचडी करत होती. संस्थेनं साथीमुळे दोन दिवसांत वसतिगृह रिकामं करायला सांगितलं. मुलींनी कपडे बांधले, भांडी बांधली. श्रेयानं कपड्यांची एक पिशवी घेतली आणि जीपभर माश्या घेतल्या. अठ्ठेचाळीस बाटल्या, कापसाचे बोळे लावलेल्या. ती आधी वडिलांकडे गेली. ऐन द्राक्षकाढणीत दारात फळमाश्या घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडे द्राक्षबागायतदार ज्या नजरेनं बघेल, त्या नजरेनं रामदासनं तिच्याकडे बघितलं.

"आप्पा, या चांगल्या फळाला काही करत नाहीत," तिनं सांगून पाहिलं. "सडक्या फळालाच बसतात."

"व्यापाऱ्यांनी यायचं बंद केलंय, बाळा," रामदास म्हणाला. "आता आपली सगळी बाग सडकीच हाये."

श्रेयानं बाटल्या परत उचलल्या. जीप कळंबकडे वळली.

आमच्या सौभाग्यवती मंगल यांनी बाटल्या मोजल्या, आतलं वळवळणं पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "तेहतीस वर्षं मी या घरातून माश्या हाकलतेय." मग श्रेयाला जवळ घेतलं (तेव्हा जवळ घ्यायला बंदी होती) आणि मला म्हणाल्या, "पुस्तकं भिंतीला सरकवा."

त्या दिवशी श्रेयानं मला तिचं काम समजावून सांगितलं. मला विज्ञानातलं कळत नाही, आणि न कळताना मान हलवण्याची सवय आहे. पण या मुलीची सांगण्याची पद्धत अशी, की मान हलवायचं विसरून मी ऐकत राहिलो. तिच्याकडे माश्यांची बारा घराणी होती. सहा घराण्यांना ती दर पिढीत बहुतेक माश्या मरेपर्यंत उपाशी ठेवी. ज्या तगतील त्यांचीच अंडी पुढं. दुसरी सहा घराणी खातीपिती, तुलनेसाठी. एकवीस दिवसांची एक पिढी. साडेतीन वर्षांत साठ पिढ्या झाल्या होत्या. साठ पिढ्यांच्या उपासानं शरीरात नेमकं काय बदलतं, हे तिला शोधायचं होतं.

"मग आता थोडे दिवस हे सगळं फ्रीजमध्ये ठेवून दिलं तर?" मी विचारलं.

"माशी गोठवून ठेवता येत नाही, नाना. खाणं बदलायचा दिवस चुकला की घराणं संपलं. साठ पिढ्या परत करायच्या तर साडेतीन वर्षं. माझी मुदत मेअखेर संपते."

म्हणजे जेमतेम दोन महिने. साथीला त्या मुदतीतून वजा करायचं की नाही, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं. गावात मात्र सगळ्यांनी ठरवलेलं होतं. जो येई तो अंतर ठेवून तिला म्हणे, "बरं झालं, आता घरबसल्या ऑनलाइन करून टाक पीएचडी."

दुपारी ती तिच्याच वयाच्या संशोधकांशी मोबाइलवर बोलत असे. खोलीचा पत्रा पातळ असल्यामुळे मला ऐकू येई. एकजण बेडकांवर काम करत होता. त्याला वर्षातला एकच पावसाळा मिळतो, आणि परवानगी नसल्यानं तो नागपुरात आईवडिलांकडे खिडकीपाशी बसून होता. एकीला आदिवासी पाड्यांवरच्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. त्या बायकांकडे फोन नव्हते. एकीनं तीन वर्षं जपलेल्या पेशी वीज गेल्यामुळे वितळल्या होत्या. ती रडत नव्हती. फ्रीजर धुवायला कोणती पावडर चांगली, हे विचारत होती. त्यांचे वडीलधारे प्राध्यापक त्यांना सांगत, 'हा काळ वाचनासाठी वापरा.' मी स्वतः जन्मभर लोकांना हेच सांगत आलोय. पण त्या दिवशी मला ते वाक्य प्रथमच बाहेरून ऐकू आलं आणि जरा लाज वाटली.

श्रेया आल्याच्या दुसऱ्या दिवशी गावाच्या दक्षता समितीचे चांगदेव आले. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून त्यांनी रस्ता बंद केला होता आणि बाहेरून येणाऱ्याची वहीत नोंद करून त्याला चौदा दिवस घरात बसवायचं काम घेतलं होतं. माणूस सरळ. नियम म्हणजे नियम.

"पुण्यास्नं कोन कोन आलं, सर?"

"श्रेया एकटीच," मी म्हणालो. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि अर्धं खरं बोलताना तर घाम फुटतो. "आणि माश्या."

चांगदेवनी खोलीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ह्या बी पुण्याच्याच?"

"हो."

"मंग ह्यास्नी बी चौदा दिवस." त्यांनी वहीत लिहिलं: 'श्रेया, वय २८. सोबत माश्या, बाटल्या ४८. खोलीबाहेर पडू नये.'

चौदा दिवसांनी ते परत आले. श्रेयाचा ताप मोजला, तिला मोकळं केलं. मग बाटल्यांकडे वळले. श्रेया म्हणाली, "काका, आल्या होत्या त्या आता नाहीत. या त्यांच्या मुली."

चांगदेव विचारात पडले. "मंग यांचं चौदा दिस आजपासनं धरायचं का?"

"यांचा जन्म इथलाच आहे. या बाहेरून आल्याच नाहीत."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "म्हंजी ह्या गावकरी झाल्या," ते म्हणाले आणि सही केली. एवढ्या लवकर कळंबचं रहिवासी होणं आजवर कोणाला जमलेलं नाही. आमच्या शेजारच्या बँकेतल्या साहेबांना बावीस वर्षं झाली, अजून त्यांना पावणं म्हणतात.

माश्यांचा स्वयंपाक मंगलनं हातात घेतला. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. श्रेया करायची तेव्हा गुठळ्या व्हायच्या. मंगलनं दोन वेळा पाहिलं आणि पळी काढून घेतली. "पिठलं येतं का तुला? मग हे कसं येईल." यीस्ट संपलं तेव्हा बेकऱ्या बंद होत्या. चांगदेव एका बंद बेकरीच्या मालकाच्या घरी गेले आणि गावकऱ्यांना खायला नाही असं सांगून दोन डबे घेऊन आले. ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

पण एप्रिल लागला, आणि पत्र्याची खोली तापली. माश्यांना पंचवीस अंश लागतात. तिशीच्या वर गेलं की नर नापीक होतात. खोलीत सदतीस होते. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं विहिरीत सोडा, कोणी म्हणालं देवघरात ठेवा, तिथं गार असतं. रामदासनं फोनवर सांगितलं की कोल्ड स्टोरेजवाला ओळखीचा आहे, पण त्यात माश्या म्हटल्यावर ओळख राहणार नाही. श्रेया ओली फडकी बदलत दिवसभर खोलीत बसून होती. फक्त दर अर्ध्या तासानं तापमान लिहीत असे, जणू लिहिल्यानं ते कमी होणार होतं.

तेव्हा कुंपणापलीकडून साळुबाई म्हणाल्या, "अरण घाला की."

साळुबाई आमच्या शेजारीण. सत्तरीच्या. त्यांच्याइतका बटाटा ओळखणारं माणूस आमच्या भागात नाही. उन्हाळ्यात बटाटा सडू नये म्हणून आमच्याकडे झाडाच्या गार सावलीत त्याची रास लावतात, वर उसाचं पाचट, वर ओली पोती. तीच अरण. माघात काढलेला बटाटा त्यात आखाडापर्यंत टणक राहतो. मी हे जन्मभर पाहत आलोय आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही, कारण माझ्या डोक्यात फक्त छापलेलं येतं.

"आत किती तापमान असतं, आजी?" श्रेयानं विचारलं.

"तापमान मला म्हाईत न्हाई. हात घालायचा. मनगटाला पान्यात घातल्यावानी वाटलं पायजे, पर थंडी वाजाय नको."

श्रेयानं साळुबाईंच्या अरणीत थर्मामीटर खुपसला. बाहेर अडतीस, आत पंचवीस. तिनं तो काढला, झटकला, परत खुपसला. परत पंचवीस. पुढचे तीन दिवस ही मुलगी साळुबाईंच्या हाताखाली उमेदवारी करत होती. पाचट किती जाड, पाणी कधी शिंपायचं, वारा कुठून येऊ द्यायचा, सगळं वहीत उतरवून घेत होती, आणि समजलं नाही तर परत विचारत होती. साळुबाईंना उभ्या हयातीत कोणी असं विचारलेलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "नाना, तुमची पोरगी लई शिकलेली वाटत न्हाई, बया. सगळं इचारती." मी म्हणालो, "म्हणूनच."

आमच्या चिंचेखाली अरण उभी राहिली. आणि इथं मी या कथेत काहीतरी करायचं ठरवलं.

बाटल्यांवर श्रेयानं चिकटपट्टीच्या तुकड्यांवर मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं. काहीतरी म्हणतो, कारण ते धड वाचता येत नव्हतं. वाकडं, घाईचं, काही उलटं. बत्तीस वर्षं मी पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्यात. कॉलेजात सगळ्यांनी माझी एकच गोष्ट नावाजली, ती म्हणजे अक्षर. त्या दुपारी ती शेतात पाचट आणायला गेली होती. मी अठ्ठेचाळीस पांढऱ्या चिठ्ठ्या कापल्या. जुन्या पट्ट्या ओल्या करून, एक एक वाचून, निगुतीनं काढल्या. गव्हाच्या पिठाची खळ केली. आणि शाईच्या पेनानं, सुवाच्य देवनागरीत, 'उपाशी घराणे, क्रमांक तीन, बाटली दोन' असं लिहून चिठ्ठ्या डकवल्या. एकही क्रमांक चुकला नाही. मी दोनदा पडताळून पाहिलं.

श्रेया आली. बाटल्यांकडे पाहत ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सुंदर आहेत, नाना."

मला पुढं कळलं की तो क्षणभर फार मोठा होता. तिला दिसलं होतं की कागद, खळ आणि शाई ओल्या पाचटात टिकणार नाही. पण काकांनी एवढ्या हौसेनं केलंय, त्यांना कसं सांगायचं? आपल्याकडे वडीलधाऱ्याला चूक दाखवायची रीत नाही, आणि वडीलधाऱ्यानं विचारून करायची रीत नाही. तिनं मनाशी ठरवलं की रोज बाटल्या बाहेर काढतोच, हळूच दोन दिवसांत बाटल्यांच्या बुडाला मार्करनं लिहून टाकू. ते दोन दिवस तिला मिळाले नाहीत.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, खाणं बदलायला सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडलेल्या असताना, गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टरचा आवाज आला. चांगदेव गाव निर्जंतुक करत होते. द्राक्षबागेवर औषध मारायचा ब्लोअर, त्याला निर्जंतुकाची टाकी, आणि मागं ढगासारखा फवारा. औषधाचं मला माहीत नाही, पण त्या ब्लोअरमधून आठवड्यापूर्वीच कीटकनाशक मारलेलं होतं, आणि आमच्याकडे टाकी धुणं म्हणजे एक बादली पाणी ओतून देणं.

श्रेया ओढणी सावरत धावत गेली आणि ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. "काका, पाच मिनिटं थांबा."

"अगं, सरकारी काम हाये."

"तुमच्याच गावकऱ्यांसाठी, काका."

चांगदेवनी इंजिन बंद केलं नाही, पण गिअर काढला. इकडे मी, मंगल आणि साळुबाई हातोहात बाटल्या अरणीत पोचवत होतो. क्रम कोण बघतो? जी हाताला आली ती दिली. साळुबाईंनी वरून पाचटाचा दुप्पट थर दिला, पोती भिजवून घातली, त्यावर आणखी पोती. फवारा आमच्या दारावरून गेला. चिंचेची पानं पांढुरकी झाली. साळुबाई म्हणाल्या, "वास जाईस्तोवर उघडू नगा. आनि पानी मारत ऱ्हावा." तीन दिवस आम्ही पाणी मारत राहिलो. मी जरा जास्तच मारलं. उपयोगी पडायची सवय नसलेला माणूस एकदा उपयोगी पडू लागला की त्याला आवरत नाही.

चौथ्या दिवशी अरण उघडली. माश्या जिवंत होत्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बाटल्यांत. मंगलनं हात जोडले. मग श्रेयानं पहिली बाटली उचलून फिरवली. दुसरी फिरवली. पाचव्या बाटलीनंतर ती खाली बसली.

एकाही बाटलीवर अक्षर उरलेलं नव्हतं. शाई वाहून गेली होती, आणि खळ मुंग्यांनी खाल्ली होती, चिठ्ठीसकट. बाराही घराणी शेजारी शेजारी उभी होती, सगळी सारखीच, सगळी निनावी. उपाशी कोण आणि खातंपितं कोण, हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नव्हतं.

मी आत गेलो आणि पुस्तकांपुढे उभा राहिलो. माफीचं पत्र लिहावं असं मनात आलं, म्हणून पेन उचललं आणि ठेवून दिलं. शेवटी बाहेर आलो. "श्रेया, माझ्यामुळे झालं."

ती रडेल, ओरडेल, निदान निघून जाईल, अशी माझी तयारी होती. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाना, मी तुम्हाला सांगायला हवं होतं की हे टिकणार नाही. मी लाजले." मग एक बाटली उजेडात धरून म्हणाली, "यांना स्वतःला माहीत आहे की या कोण आहेत. विचारायला लागेल."

"कसं विचारणार?"

"उपाशी ठेवून."

बाटल्यांवर मार्करनं नवे आकडे टाकून प्रत्येक बाटलीतल्या दहा माश्या तिनं वेगळ्या काढल्या. चारशे ऐंशी. नुसत्या चायना ग्रासवर, म्हणजे पाणी आहे, अन्न नाही. साधी माशी दोन-अडीच दिवसांत मरते. साठ पिढ्या उपास केलेलीनं जास्त तगायला हवं. दर चार तासांनी मोजणी. रात्रीच्या तिच्याकडे, दिवसाच्या माझ्याकडे. मी तिला विचारलं, "अजून माझ्याकडून?" ती म्हणाली, "मोजायला तुमच्यापेक्षा चोख कोण आहे, नाना?" ज्या माणसानं चार दिवसांपूर्वी तिची साडेतीन वर्षं मुंग्यांना घातली त्याला असं म्हणायला किती मोठं मन लागतं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

मी मोजत होतो. माझी वही ओट्यावर उघडी असे. दुसऱ्या दिवशी चांगदेव ताप विचारायला आले तेव्हा मी आत चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर चांगदेव नव्हते. तासाभरानं फोन वाजला. वरून कोणी साहेब होते, आवाज अतिशय सौम्य.

"काका, घाबरू नका. आपल्याकडे आज काही मृत्यू झालेत का?"

"हो," मी म्हणालो. शास्त्रीय बाबतीत लपवाछपवी नको. "सकाळपासून एकशे सदतीस."

"किती?"

"एकशे सदतीस. दोनदा मोजलेत."

"आणि बाकीचे कसे आहेत?"

"त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत जातील असा अंदाज आहे. उपाशी आहेत ना."

"काका," साहेबांचा आवाज बदलला, "उपाशी का आहेत?"

"आम्हीच ठेवलंय."

मंगलनं माझ्या हातून फोन काढून घेतला, हे बरं केलं. तरी तासाभरात अँब्युलन्स आलीच. डॉक्टरीणबाईंनी पांढरा पोशाख घालून चारशे ऐंशी माश्या पाहिल्या, त्यातल्या मेलेल्या वेगळ्या पाहिल्या, आणि खुर्चीवर बसून पाणी मागितलं. चांगदेव मागं उभे होते. "वहीत मृत लिवलंय, सर. मी काय समजनार? समितीचा मानूस हाये मी." ते खरंच होतं. माझ्या अक्षराला त्यांनी पहिल्यांदाच दाद दिली, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहीत काहीतरी दिसू लागलं. चोवीस बाटल्यांतल्या माश्या संपल्या होत्या. उरलेल्या चोवीसांत दहातल्या नऊ, कुठं दहाच्या दहा जिवंत होत्या. सुतार दोरी मारतो तशी सरळ रेघ. पाचव्या दिवशीही त्यातल्या निम्म्या चालत होत्या. साळुबाईंनी काचेला नाक लावून पाहिलं. "एकादशीवाल्या हायेत," त्या म्हणाल्या. मी श्रेयाकडे पाहिलं. ती हसत होती, पण अर्धीच.

कारण उपाशी कोण ते कळलं होतं, पण उपाशांतलं कोणतं घराणं पहिलं आणि कोणतं सहावं, ते कधीच कळणार नव्हतं. सहा वेगळी घराणी म्हणजे सहा स्वतंत्र साक्षीदार होते. आता त्यांची सरमिसळ होऊन एकच साक्षीदार उरला होता. सगळं एकत्र करून, परत सहा ठिकाणी वाटून, आणखी आठ पिढ्या चालवल्या तरच कोणी तिचं म्हणणं मानणार होतं. त्याला सहा महिने हवे होते. मे महिन्याच्या मध्यावर तिनं मुदतवाढीचा अर्ज केला आणि तीन प्राध्यापकांची समिती ऑनलाइन बसली.

आमच्याकडे रेंज ओट्यावरच येते. ती ओट्यावर बसली, आणि मी दाराआड उभा राहिलो. ऐकू नये हे मला कळतं, पण पाय हलले नाहीत. तिनं सगळं सांगितलं. अरण, तापमान, उपासाची चाचणी. मग एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "पण ओळखपट्ट्या गेल्या कशा?"

"माझी चूक, सर," श्रेया म्हणाली. "ओलीत टिकतील अशा मी वापरल्या नाहीत."

मी अनेक सभांना हजर राहिलोय आणि एकीतही तोंड उघडलेलं नाही. मला बोलायचं असतं तेव्हा विषय बदललेला असतो. त्या दिवशी मात्र मी दाराआडून बाहेर आलो, धोतराचा सोगा सावरला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पडद्यावर माझं पोट दिसत होतं, म्हणून खाली वाकलो.

"पट्ट्या मी काढल्या," मी म्हणालो. "मी तिचा काका. तिला न विचारता काढल्या."

"का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तिचं अक्षर वाईट आहे म्हणून."

पडद्यावरच्या एक बाई, तिच्या मार्गदर्शक असाव्यात, खोकल्या. "ते आम्हाला साडेतीन वर्षं माहीत आहे," त्या म्हणाल्या.

वयस्क प्राध्यापक हसले नाहीत. "दिवसाची मोजणी कोणी केली?"

"मी," मी म्हणालो, आणि आता सगळं संपलं असं मला वाटलं.

"वाचून दाखवा."

मी वही आणली आणि वाचली. बाटली पहिली, सकाळी आठ, मृत शून्य. बाटली दुसरी, सकाळी आठ, मृत शून्य. सगळी पाच दिवसांची. पाऊण तास लागला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "या नोंदी चालतील."

निर्णय अर्ध्या तासानं कळवला. श्रेयाच्या कामाची प्रशंसा, परिस्थितीबद्दल सहानुभूती, आणि नियमात बसेल तेवढी मुदत: तीन महिने.

तिनं लॅपटॉप मिटला. तीन महिने म्हणजे चार पिढ्या, आणि हव्या होत्या आठ. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धैर्य मला नव्हतं, म्हणून मी पायाकडे बघत होतो. तिचे पाय अनवाणी होते, पाचटानं चिरलेले. या मुलीनं कोणाला दोष दिला नव्हता, साथीला नाही, संस्थेला नाही, मला तर नाहीच. मला वाटलं, आता देईल. द्यावा, असंही वाटलं.

कुंपणावरून साळुबाईंनी विचारलं, "झालं का गं? किती दिलं?"

"तीन महिने, आजी."

"मंग? तीन महिन्यांत आमचा बटाटा निघतो."

श्रेयानं पेन्सिल घेतली आणि मांडीवर कागद ठेवून आकडेमोड करत बसली. खोडलं, परत मांडलं, परत खोडलं. चहा गार झाला. मंगलनं तो दोनदा तापवला.

"आठांत जे दाखवायचं होतं ते चारांत दाखवता येणार नाही," शेवटी ती म्हणाली. "पण चारांत जे दिसतं ते कोणी नीट पाहिलेलंच नाही. सगळे घाईनं पुढं जातात." हे सांगताना ती मला समजावत नव्हती, स्वतःलाच सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा आवाज मोठा झाला.

तिनं वहीचं कोरं पान उघडलं, तारीख टाकली आणि खाली लिहिलं: पिढी त्रेसष्ट, दिवस पहिला.

"नाना," ती म्हणाली, "गूळ चिरायला घ्या."

मी घेतला.